गाळा क्रमांक चारमधील बगळी

२ एप्रिल, बुधवार

वाघखार धावपट्टीच्या कार्यालयाकडून परिपत्रक. इंग्रजीत, अकरा पाने. विषय: हँगरमधील साठवणुकीची नियमावली. तीन वेळा वाचले.

सारांश: एक जूनपासून गाळ्यांत केवळ उड्डाणयोग्य विमाने राहतील. बांधकाम अपूर्ण असलेल्या विमानास मुभा, परंतु 'ठोस व सातत्यपूर्ण प्रगती' दाखवल्यासच. उर्वरित सर्व 'अवैमानिक वस्तू' बाहेर. सोबत प्रपत्र. मुदत दहा दिवस.

एकतीस वर्षे कारखान्याच्या भांडारात काढली. कोणती वस्तू कोठे, किती काळ, कोणाच्या जबाबदारीवर ठेवायची, याचे नियम मी लिहिले आहेत आणि पाळूनही घेतले आहेत. इतका ढिसाळ मसुदा माझ्या टेबलावर आला असता तर परत पाठवला असता. ठोस म्हणजे किती? मोजणार कोण? 'मुख्यत्वे' या अर्थाचा शब्द पंधरा ठिकाणी. ज्याला नेमके काय हवे हे ठाऊक नसते, तो 'मुख्यत्वे' लिहितो.

दादाच्या विमानाची फाइल पहिल्यापासून माझ्याकडे; आजारपणापासून त्याचे सर्वच कागद आहेत. त्याला अद्याप सांगितलेले नाही.

४ एप्रिल, शुक्रवार

दादासोबत हँगरवर. तो नेहमीप्रमाणे सकाळी नऊच्या रिक्षाने निघाला. रविवार सोडल्यास यात खंड नाही. गाळा क्र. ४ उघडायचा, स्टुलावर बसायचे आणि बगळीकडे पाहायचे.

हवाई दलात बावीस वर्षे इतरांची विमाने दुरुस्त केली. निवृत्तीनंतर स्वतःचे करायला घेतले, त्याला अकरा वर्षे झाली. दोन माणसांचे, लाकडी सांगाड्याचे, वर कापड. पांढरे म्हणून बगळी. उजवा पंख पूर्ण. डाव्याचे कापड बाकी होते आणि मागच्या भाद्रपदात झटका आला. उजवा हात गेला, वाचा अर्धी राहिली. डॉक्टर म्हणाले, मन गुंतवा. मन गुंतलेलेच होते, हात नव्हते.

हात मिळाले ते गाळा क्र. ६ मधून. बाळाराम, वाघखारचाच होड्या बांधणारा. दुपारी दोन तास स्वतःचे काम टाकून येतो. दादा डाव्या हाताने खुणा करतो, घशातून काही आवाज काढतो, आणि बाळारामला अर्थ कळतो. मला कळत नाही. डाव्या पंखाच्या तीन फासळ्या त्याने नव्याने केल्या. "हवंतली होडीच ही," म्हणतो.

धावपट्टीसाठी गावाचे गुरचरण घेतले, तेव्हा पहिल्या मालकाने गावकीला शब्द दिला होता की, शेवटचा गाळा होडीच्या कामाला. होडीचे लाकूड एकदा चिरले की पावसात भिजता कामा नये. यासंबंधी कागद आहे का, असे मी बाळारामला एकदा विचारले होते.

"कागद कनाला? शबूद दिलाय ना."

८ एप्रिल, मंगळवार

प्रपत्र भरून दिले.

प्रश्न ११. विमान उड्डाणयोग्य आहे काय? नाही.
प्रश्न १२. काम पूर्ण होण्याची अपेक्षित तारीख? निश्चित सांगता येत नाही.
प्रश्न १४. मागील तीन महिन्यांतील प्रगती? डाव्या पंखाच्या चौदा फासळ्यांपैकी तीन बदलल्या. कापड चढवलेले नाही.

सोबत शिल्लक कामांची यादी, एकोणीस बाबी, दोन पाने. कार्यालयात पोच घेतली. फाटकावरचा राखणदार हसुराम कागद पाहून म्हणाला, "सायेब, बाकीच्यांनी येकच पान दिलंय." म्हटले, बाकीचे निष्काळजी असतील.

१७ एप्रिल, गुरुवार

नोटीस. गाळा क्र. ४ दि. ३१ मेपर्यंत रिकामा करावा. कारण: "आपल्याच निवेदनानुसार विमान उड्डाणयोग्य नाही व पूर्णत्वाची तारीख अनिश्चित आहे."

आपल्याच निवेदनानुसार!

आणि गाळा क्र. ३ मंजूर. तो चिटणीसांचा, किनाऱ्यावर बंगले बांधून विकणारे गृहस्थ. त्यांचे विमान सहा वर्षांत जागचे हललेले नाही. चाके बसली आहेत, पंखावर कबुतरांचे संसार आहेत, आणि सभोवती सोफे रचले आहेत. प्रश्न ११ पुढे त्यांनी लिहिले: होय. एक शब्द. एक पान.

वहिनीला सांगावे लागले. तिने हातातले सूप खाली ठेवले.

"भाऊजी, खरं लिवायला तुमाना कोनी सांगितलं व्हतं?"

म्हटले, प्रपत्रावर खाली छापलेले असते, वरील माहिती सत्य आहे म्हणून. सही त्याखाली करायची असते.

"मंग ती सही घ्या आन तिच्या अंगनात ठेवा बगळीला."

१९ एप्रिल, शनिवार

धावपट्टीचे व्यवस्थापक सबनीस यांची भेट, ११.३० ते १२.१०. पुण्याचे, पस्तिशीतले, अत्यंत सभ्य. पाणी विचारले, पंखा वाढवला.

मी बाजू मांडली. जूनमध्ये खाडीवरून येणारा वारा नुसता ओला नसतो, खारा असतो. लाकडी फासळ्या सरसाने जोडलेल्या आहेत. पंधरा दिवस उघड्यावर राहिल्या तर सांधे सुटतील. अकरा वर्षे पंधरा दिवसांत जातील.

"ताडपत्री टाकता येईल ना सर?"

ताडपत्री! खालून वाफ धरून लाकूड शिजवण्याचा याहून चांगला उपाय नाही.

चिटणीसांचे काय, विचारले. "त्यांनी येस लिहिलंय सर. आम्ही डिक्लरेशनवर जातो." मग, मला बरे वाटावे म्हणून: "पण तुमचं डॉक्युमेंटेशन इतकं क्लीन आहे, मी ते ट्रेनिंगला दाखवणार आहे."

उठलो. पाणी प्यालो नाही.

घरी दादाने विचारले, "काय… म्हनला?" म्हटले, कार्यवाही सुरू आहे. हे एकतीस वर्षे इतरांना सांगत आलो. याचा अर्थ काहीही सुरू नाही, हे त्यालाही ठाऊक आहे.

२२ एप्रिल, मंगळवार

तक्रार करणार. तोंडी नाही. यादीसह.

तीन दिवस आमचा सोडून पाचही गाळ्यांपुढे उभा राहून मोजणी केली. शटर अर्धे उघडे असते, दिवसा सर्व दिसते. गाळा १: मोटारसायकली, पाण्याच्या टाक्या. गाळा २: मांडवाचे खांब, जनरेटर. गाळा ३: सोफे, झुंबरांचे खोके, आंब्याच्या पेट्या, पाण्यावर चालवायची स्कूटर. गाळा ५: लग्नातले सिंहासन, दोन. खरोखर सिंहासन. विमानासाठी बांधलेल्या गाळ्यात.

गाळा ६ पाशी पेन थांबले. अर्धा मिनिट. वगळले असते तर? पण ज्या यादीतून एक नोंद मुद्दाम गाळली, ती यादी राहत नाही, ती बाजू होते. समोरचा पहिला प्रश्न हाच विचारेल. लिहिले:

४१. लाकडी होडी, अपूर्ण, एक.
४२ ते ४७. फळ्या, करवत, लाकूड तासायचा वाकस, तेलाचे डबे इत्यादी.

एकूण सत्तेचाळीस नोंदी, स्वहस्ते, मराठीत. एक प्रत सबनीसांना, एक कंपनीच्या मुंबई कार्यालयाला, रजिस्टर टपालाने. पावती वहीत चिकटवली आहे.

फार दिवसांनी मनासारखे काम झाले.

२९ एप्रिल, मंगळवार

मुंबईचे उत्तर नाही.

डाव्या पंखाला कापड चढले. आजपासून शिवण. पद्धत प्रथमच जवळून पाहिली. पंख काठावर उभा करतात. एक माणूस अलीकडे, एक पलीकडे. मेण लावलेला दोरा, वीतभर सुई. अलीकडच्याने टोचायची, पलीकडच्याने ओढून परत धाडायची. प्रत्येक फासळीला कापड असे दोन्ही अंगांनी बांधले जाते. नाहीतर वर गेल्यावर वारा ते उचलतो. एकट्याने होणारे काम नव्हे. मध्ये पंख असल्याने दोघे एकमेकांना दिसत नाहीत.

अलीकडे दादा, डाव्या हाताने. पलीकडे बाळाराम.

"दादा, सुई मारताय का टोमना? माजं बोट हाय हिकडं!"

दादा हसला. आवाज करून. झटक्यानंतर प्रथमच ऐकला.

दिवसभरात एक फासळी.

५ मे, सोमवार

चार फासळ्या झाल्या. चौदापैकी चार, सहा दिवसांत. हीच 'ठोस व सातत्यपूर्ण' नव्हे तर काय? उद्या मुंबईहून तपासनीस येणार. माझी तक्रार दाखल झाली. मुंबई कार्यालयाच्या कारकुनाने फोनवर सांगितले, "तुमची लिस्ट बघून साहेब खूश झाले."

६ मे, मंगळवार

सविस्तर लिहितो. नंतर उपयोगी पडेल.

१०.४० ला तपासनीस आले. हातात माझी यादी. बरोबर सबनीस.

गाळा १: रिकामा. मोटारसायकल एकही नाही. फरशी धुतलेली.
गाळा २: रिकामा.
गाळा ३: सोफे नाहीत, पेट्या नाहीत. विमान पुसलेले, चाकांत हवा भरलेली. कबुतरांनासुद्धा नोटीस मिळाली असावी. चिटणीसांचा माणूस हात बांधून उभा. "या, या, बघा."
गाळा ५: सिंहासने होती तेथे गालिच्याचे दोन चौकोनी डाग.

कार्यालयातून कोणीतरी चारही जणांना कळवले होते. पाचव्याला, बाळारामला, कळवण्याची कोणाला गरज वाटली नाही. त्याच्याकडे ट्रक नाही आणि दुसरी जागाही नाही.

गाळा ६. होडी जागेवर. फळ्या जागेवर. वाकस बाळारामच्या हातात. तपासनीसाने बोट ठेवून एकेक नोंद वाचली. "एक्केचाळीस ते सत्तेचाळीस. जुळतंय." त्याच्या चेहऱ्यावर समाधान होते. तो माझा ओळखीचा चेहरा आहे. साठा पुस्तकाशी जुळल्यावर मीही असाच दिसत असेन.

होडीवर लाल कागद चिकटवला: अवैमानिक वस्तू. आठ दिवसांत हलवणे.

बाळारामने यादी मागून घेतली. तो सातवी शिकलेला आहे. सावकाश वाचली.

"ह्ये अक्षार कोनाचं?"

मी म्हणालो, माझे.

"अक्षार चांगलं हाय."

यादी परत दिली.

७ मे, बुधवार

बाळाराम आला नाही. दादा पंखापाशी सुई हातात धरून पावणेदोन तास बसला. एकदा त्याने सुई टोचली. ती पलीकडे अर्धी बाहेर येऊन तशीच राहिली.

८ मे, गुरुवार

होडी काढली. गावातून आठ माणसे आली, खाली गोल लाकडे घालून ढकलत नेली. मी पुढे होऊन हात लावणार, तोच बाळाराम म्हणाला:

"ऱ्हावं द्या, सायेब. अवैमानिक वस्तू हाय. हात मलतील."

आठांपैकी दोघे हसले. मग तो थांबला, कपाळ पुसले. "माज्या होडीला तुमी वस्तू लिवलंत. ठीक हाय. पर तुमची बगळी तरी कंदी उडलीय? तिला काय म्हनाल?"

उत्तर होते. कलम ४(ब), बांधकामाधीन विमान. दिले नाही.

होडी थळच्या कोणा कोळ्यासाठी आहे, नारळी पौर्णिमेपर्यंत द्यायची. आता ती बाळारामच्या अंगणात, नारळाच्या झापांच्या आडोशाला.

चिटणीसांचे सोफे संध्याकाळी परत आले. टेम्पो माझ्यासमोरून गेला.

९ मे, शुक्रवार

हसुराम नमस्कार करीनासा झाला आहे. रिक्षा फाटकाशी थांबली की तो आधी नोंदवही उघडतो, पेन शोधतो, मग नाव विचारतो. नाव! अकरा वर्षे ओळखतो. बाहेर दादा उन्हात. म्हटले, हा काय प्रकार?

"नेम हाय, सायेब. लिवल्याबिगर सोराचं न्हाय कोनाला."

१२ मे, सोमवार

दादाला सर्व सांगितले. नोटीस, यादी, होडी. त्याला हसुरामकडून आधीच कळले होते. मी बोलत असताना तो मध्ये आला नाही. येऊही शकत नाही, हे लक्षात घेऊन मी जास्त वेळ बोललो. शेवटी म्हणाला,

"नंद्या… तू… भांडारच… ऱ्हायलास."

वहिनी आतून म्हणाली, "ते सौम्य बोलतात. मी असते तर—" पुढचे भांड्यांच्या आवाजात गेले.

राग येतो आहे. सबनीसांचा येतो, चिटणीसांचा येतो, ज्याने चार गाळ्यांना फोन केला त्याचा येतो. पण गाळा ६ ची नोंद यांपैकी कोणी केलेली नाही.

१६ मे, शुक्रवार

सबनीसांचा फोन. त्यांनी 'मार्ग काढला आहे'. ते ३० तारखेला स्वतः पाहणी करतील. पुरवणी निवेदनात मी पूर्णत्वाची तारीख लिहावी, ३० जून चालेल. पंखाची शिवण पूर्ण दिसली तर ते मुदतवाढीची शिफारस करतील.

विचारले, ३० जून कशाच्या आधारे लिहू?

"सर, डेट कोणतीही लिहा. कॉलम ब्लँक राहिला की सिस्टिम घेत नाही."

गाळा ६ बद्दल: नोंद ४१ ते ४७ 'नजरचुकीने' झाल्या असे लिहून दिल्यास तो विषयही मिटवता येईल. म्हटले, नजरचुकीने झालेल्या नाहीत. नीट नजर ठेवून केल्या आहेत.

"मग मी काय करू शकतो, सर?" आवाजात खरी कळकळ होती. खोटे लिहा म्हणून इतक्या आपुलकीने मला आजवर कोणी सांगितले नव्हते.

१८ मे, रविवार

पर्यायी जागा शोधल्या.

माणगाव, आतेभावाची भाताची गिरणी: गोदाम कोरडे, दार सात फूट, आत लगेच वळण. धड जाते, पंख जात नाही. "पंख वाकडा करून घाल की," म्हणाला. पाली, मेहुण्यांचे मंगल कार्यालय: लग्नसराई. त्यांनी विचारले, "नवरा-नवरीला बसायला ठेवता येईल का?" गावातले मिठाचे कोठार: आमच्या आजोबांच्या वेळचे, प्रशस्त, दार बैलगाडीचे. फुकट मिळते. मिठाचे.

तीन ठिकाणे, तीनही बाद. टेप परत खोक्यात ठेवली.

२० मे, मंगळवार

बाळारामकडे गेलो. अंगणात होडीच्या पोटात बसून काम करीत होता. उठला नाही. त्याच्या बायकोने खुर्ची आणून ठेवली. मी उभा राहिलो.

सबनीसांचे म्हणणे सांगितले. 'नजरचुकीने' असे लिहू का, असे सरळ विचारले. लिहिले तर गाळा परत मिळेल.

"तुमची नजर चुकत न्हाय, सायेब. ह्ये सगला गाव जानतो." वाकस थांबला नाही. "लिवा नायतर नका लिवू. मी आथा त्या छपराखाली होडी न्यायचा न्हाय. माज्या बापाला शबूद दिलता. कागदावं नव्हता, म्हनून तुमी मोजलात. कागदावं असता तर मोजला असता का?"

नसता, असे म्हणालो. हे खरे आहे.

"मंग."

मी म्हणालो, चूक झाली माझी. हे वाक्य मी यापूर्वी कोणाला म्हटल्याचे स्मरत नाही. उच्चारताना ते परक्या भाषेतले वाटले. त्याने मान हलवली. मान्य केले की ऐकले एवढेच, हे कळले नाही.

दादाचे काय, विचारण्याचे धैर्य झाले नाही. बाळारामनेच, मी फाटकापर्यंत गेल्यावर, होडीतून डोके वर काढून विचारले, "हात कसा हाय त्यांचा?"

म्हटले, डावा बरा आहे.

"डावा पयल्यापासून बराच व्हता." आणि खाली वाकला.

२१ मे, बुधवार

कंपनीला पत्र. चार मसुदे फाडले. पाचवा असा:

'नोंद क्र. ४१ ते ४७ वर्णन म्हणून अचूक आहेत. तक्रार म्हणून त्या समाविष्ट करणे ही माझी चूक होती. गाळा क्र. ६ होडीच्या कामासाठी देण्याचा शब्द धावपट्टीच्या पहिल्या मालकाने गावकीला दिला होता. तो शब्द प्रत्यक्ष ऐकलेल्या तीन वयस्क ग्रामस्थांची निवेदने त्यांच्या सह्या-अंगठ्यांसह सोबत जोडली आहेत. हा गाळा साठवणुकीच्या नियमावलीत येतो किंवा कसे, हे आपण ठरवण्यापूर्वी तो शब्द विचारात घ्यावा.'

निवेदने घ्यायला हसुराम बरोबर आला. तिघांपैकी एक त्याचेच काका. काका मला म्हणाले, "पंचवीस वर्सांनी कागद करतोस व्हय रं म्हात्र्या? आदी कुठं व्हतास?" हसुराम माझ्याकडे न पाहता म्हणाला, "आदी ते मोजत व्हते, काका."

सबनीसांनी पत्र वाचले. "सर, फॉर्मॅटमध्ये यासाठी कॉलम नाही."

म्हटले, करा.

२३ मे, शुक्रवार

आज मी पंखाच्या पलीकडे बसलो.

दादाने नको म्हणून मान हलवली. दुसरे कोण आहे, विचारले. त्याने गाळ्याच्या दाराकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग सुईकडे. सुई टोचली.

अकरा वर्षांत या विमानाचे प्रत्येक बिल, प्रत्येक नट मी फाइलला लावला आहे. त्याला हात लावल्याचे आठवत नाही.

सुई कोठून येणार हे दिसत नाही. कापडाला आधी बारीक फुगवटा येतो, मग टोक. ते धरायचे, ओढायचे, फासळीच्या दुसऱ्या बाजूने परत द्यायचे. साधे वाटते. बारा टाके घातले. दादा काठी टेकत फेरी घालून माझ्या बाजूस आला, बोट फिरवले.

"तिरपा." एक काढला. "तिरपा." दुसरा. मग बोलायचे श्रम न घेता काढतच गेला. बारा काढले, आणि जाता जाता बाळारामच्या शेवटच्या टाक्यांपैकी मी ढिले केलेले दोन.

आजची प्रगती: उणे चौदा नव्हे, उणे दोन. बारा मुळात धरायचेच नाहीत.

इतका संताप कारखान्यात कोणावर झाला नाही. "सांगता येत नाही का नीट?" असे ओरडलो. ओरडून झाल्यावर कळले, काय ओरडलो ते.

दादाने काठीचे टोक माझ्या पायावर ठेवले. जोरात नव्हे. मग आपल्या बाजूला गेला आणि सुई टोचली.

२६ मे, सोमवार

पाचवी फासळी पूर्ण. उजव्या तर्जनीला तीन ठिकाणी भोके. वहिनीने हळद लावली आणि म्हणाली, "भाऊजी, आता ह्याची यादी करा."

२९ मे, गुरुवार

सहावी झाली, सातवी अर्धी. दादा आता माझे टाके कमी काढतो. चांगले येतात म्हणून की वेळ नाही म्हणून, हे तो सांगत नाही. उद्या ११ वाजता पाहणी. चौदापैकी सातच होतील, तेही झाले तर. सबनीसांना पूर्ण पंख हवा आहे.

कंपनीचे पत्राला उत्तर नाही. बाळारामचा निरोप नाही.

पुरवणी प्रपत्र खिशात आहे. बाकी सर्व भरले. तारखेचा रकाना कोरा.

३० मे, शुक्रवार

सकाळी सहालाच आलो, दादाच्या आग्रहाने. हसुरामने नाव न लिहिता फाटक उघडले. सातवी फासळी ९.५० ला पूर्ण. आठवी सुरू. हे हँगरमध्येच लिहीत आहे. दादाने चहापुरता दम घेतला आहे.

प्रपत्र त्याच्यापुढे धरले. म्हटले, येथे तारीख लिहायची आहे. सबनीस म्हणतात कोणतीही चालेल. मला चालणार नाही. तू सांग, खरे किती दिवस?

त्याने डावा पंजा वर केला. पाच. मिटला, उघडला. दहा. मग पंखाला वळसा घालून माझे टाके पाहून आला, पंजा पुन्हा मिटला, उघडला, मिटला, उघडला. मी मोजत होतो. तो थांबेना. मला वाटते तो हसत होता.

१०.४५. पलीकडे रस्त्यावर सबनीसांच्या गाडीचा हॉर्न. हसुराम नोंदवही उघडून पेन शोधतो आहे.

रकाना कोरा आहे. दादाने पलीकडून पंखावर टिचकी मारली. सुई येते आहे.